गावात, वस्तीत लैंगिक आजारांविषयी कार्यक्रम घ्यायचाय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आशाताई, बचत गटाच्या अध्यक्षा, शिक्षक, तरुण मंडळांची पोरं, कधी एखादे सरपंच आम्हाला फोन करून हे प्रश्न विचारतात. लैंगिक संसर्गातून होणाऱ्या आजारांवर गावात, वस्तीत किंवा कॉलेजात बोलायचं असेल तर उपयोगी पडावीत म्हणून उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

हे आजार म्हणजे नेमके कोणते?

गरमी म्हणजे सिफिलिस, परमा म्हणजे गोनोरिया, शिवाय क्लॅमिडिया आणि ट्रायकोमोनास. हे चारही औषधांनी पूर्ण बरे होतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० या एका वर्षात जगभरात या चार आजारांची मिळून ३७.४ कोटी नवी लागण झाली. नागीण ज्याला म्हणतात तसे पुरळ गुप्तांगावर आणणारा हर्पीस, चामखिळी आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग यांच्या मुळाशी असणारा एचपीव्ही, हिपॅटायटिस बी आणि एचआयव्ही हे विषाणूंचे आजार. यातले काही आयुष्यभर सोबत राहतात, पण औषधांनी आटोक्यात राहतात आणि दोघांवर लसही आहे.

कार्यक्रमात आवर्जून सांगावं असं एक म्हणजे बऱ्याच जणांना काहीही लक्षण दिसत नाही. बायकांमध्ये तर हे फार. त्यामुळे 'मला काही होत नाही' याचा अर्थ 'मला काही झालेलं नाही' असा होत नाही.

आमच्या गावात असलं काही नाही. मग कार्यक्रम कशाला?

हे वाक्य प्रत्येक गावात ऐकायला मिळतं. गडचिरोली जिल्ह्यातही तेच ऐकायला मिळालं असतं. तिथे डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या बायकांची घरोघर विचारपूस करून तपासणी केली. १९८९ साली तो अभ्यास लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. तपासलेल्या ६५० स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होता, आणि त्याआधी कधीतरी अशी तपासणी झालेल्या बायका होत्या जेमतेम ८ टक्के. म्हणजे आजार घराघरात होता, पण कोणी विचारलंच नव्हतं. यातले सगळे आजार लैंगिक संबंधातून आलेले नव्हते, हेही सांगायला हवं. पण निम्म्याच्या आसपास भाग जंतुसंसर्गाचा होता आणि त्यावर औषध उपलब्ध होतं.

तेव्हा 'आमच्याकडे नाही' असं कोणी म्हणालं तर वाद घालू नका. 'विचारलंय का कोणाला?' एवढंच विचारा.

अंगावरून पांढरं जातं. म्हणजे नवऱ्याने बाहेरून आजार आणला, की बाईतच खोट?

या प्रश्नाला सगळ्यात जास्त वेळ द्या. एका उत्तरावर कोणाचा तरी संसार टिकू किंवा मोडू शकतो.

पांढरं जाणं पाळीच्या मधल्या काळात, गरोदरपणात, वयात येताना नैसर्गिकही असतं. पाण्यासारखं, वास नसलेलं, खाज नसलेलं जात असेल तर बहुतेकदा घाबरण्याचं कारण नाही. दह्याच्या कवडीसारखं जाऊन खाज सुटत असेल तर ती बहुधा बुरशी, आणि बुरशी लैंगिक संबंधाशिवायही होते. मधुमेह असेल, अँटिबायोटिक खूप दिवस घेतलं असेल, तरी होते. पातळ, राखाडी आणि माशासारख्या वासाचं जात असेल तर योनीतल्या नेहमीच्या जंतूंचा तोल बिघडलेला असतो. पिवळसर-हिरवट, फेसाळ, सोबत ओटीपोटात दुखणं, संबंधाच्या वेळी दुखणं, मध्येच रक्त जाणं असं काही असेल तर मात्र लैंगिक संसर्गाची शंका घेऊन तपासून घ्यायलाच हवं. नुसतं बघून किंवा ऐकून कोणी निदान करू नये. आशाताईंनीही नाही, आम्हीही नाही.

या एका तक्रारीबद्दल नीट कोणी न बोलल्याने काय होतं, हे महाराष्ट्राने २०१९ साली पाहिलं. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांची चर्चा झाली, शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी केलेल्या ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. यामागे उचल फेडण्याचा दबाव होता, पाळीत खाडा झाला की कापली जाणारी मजुरी होती, फडावर संडास नव्हता, पाणी नव्हतं. पण पांढरं जाणं आणि पोटात दुखणं घेऊन दवाखान्यात गेलेल्या बाईला 'पिशवी खराब झालीय, पुढे कॅन्सर होईल' असं सांगितलं जाई, हेही तिथल्याच बायकांनी सांगितलं आहे. गोळ्यांनी बरा होणारा संसर्ग असेल तर त्यासाठी पिशवी काढायची नसते, हे त्या बाईला आधी कोणी सांगितलं असतं तर तिने दुसऱ्या डॉक्टरला विचारलं असतं. जिथे बायकांसमोर बोलाल तिथे हे वाक्य बोला: पिशवी काढायला सांगितली तर सरकारी दवाखान्यात दुसरं मत घेतल्याशिवाय सही करू नका.

बोलायला डॉक्टरच हवा ना? आम्हाला कोण ऐकणार?

तुमचंच ऐकतील. डॉक्टर माहितीला लागतो, पण लाज मोडायला आपल्यातलंच माणूस लागतं.

याचं देशातलं ठळक उदाहरण कोलकात्याच्या सोनागाची या वेश्यावस्तीचं. १९९२ मध्ये डॉ. स्मरजित जाना यांच्या पुढाकाराने तिथे काम सुरू झालं. वस्तीतल्याच बायकांना प्रशिक्षण देऊन त्यांच्यामार्फत बाकीच्यांपर्यंत निरोध, माहिती आणि दवाखाना पोहोचवायचा, अशी पद्धत होती. 'वापर गं बाई, आजार टळेल' असं सांगून भागत नाही, हे त्या बायकांनीच दाखवून दिलं. गिऱ्हाईक नाही म्हणालं तर दिवसाची कमाई जाते, घरवाली ओरडते, पोलीस पैसे मागतात. हे सगळं सुटत नाही तोवर कंडोम उशाखालीच राहतो. म्हणून पुढे १९९५ मध्ये त्यांची स्वतःची संघटना, दुर्बार, उभी राहिली.

त्याच सुमारास आपल्याकडे सांगलीत संग्राम या संस्थेने गोकुळनगरच्या वेश्यावस्तीत काम सुरू केलं. त्यातून १९९६ मध्ये वेश्या अन्याय मुक्ती परिषद ही तिथल्या बायकांची संघटना उभी राहिली. तिथल्या बायकाच कंडोम वाटायच्या, एकमेकींना दवाखान्यात न्यायच्या, डॉक्टर नीट वागला नाही तर जाबही विचारायच्या. पश्चिम महाराष्ट्रात आरोग्याचं काम करणाऱ्या प्रत्येकाने त्यांच्याकडून शिकावं असं आमचं स्पष्ट मत आहे.

गावातही हेच लागू आहे. चाळिशीची, दोन-तीन लेकरांची, खळखळून हसणारी एखादी काकू निवडा. तिला चार दिवस नीट शिकवा. जे तिला माहीत नाही त्यावर 'विचारून सांगते' म्हणायला शिकवा. पांढऱ्या कोटातल्या माणसाच्या तासाभराच्या भाषणापेक्षा ती नळावर जास्त काम करून दाखवेल.

पुरुष येतच नाहीत. काय करावं?

त्यांना सभागृहात बोलावू नका, ते जिथे आहेत तिथे जा. ट्रकवाल्यांसाठी महामार्गाच्या थांब्यांवर आणि ट्रान्सपोर्ट नगरांत संध्याकाळी दवाखाने चालवले गेले, ते याच हिशेबाने. सलूनवाले, पानटपरीवाले, तालमीतले वस्ताद यांना सोबत घेतलं की अर्धं काम होतं.

ऊसतोड टोळ्यांचं सांगायचं तर दिवसा फडावर जाण्यात अर्थ नाही, कोयता थांबला की मजुरी थांबते. कारखान्याच्या तळावर संध्याकाळी गाड्या खाली झाल्या की जा. कोप्यांसमोर चुली पेटलेल्या असतात, बायका भाकरी थापत असतात, पुरुष बैलांना वाढं टाकून बिडी ओढत बसलेले असतात. आधी मुकादमाला भेटा, नाहीतर तो टोळीला उठवून नेईल. मग आमची ताई चुलीपाशी बसते, दादा बैलांपाशी. माईक नाही, बॅनर नाही. पहिली दहा मिनिटं फक्त कंबरदुखी आणि लघवीची जळजळ यावर बोलणं होतं, कारण पाणी न पिता दिवसभर राबणाऱ्या माणसाला ती असतेच. तिथून 'जळजळीसोबत पू येतो का?' इथवर आपोआप पोहोचतो. पुरुष मग एकेकटे उठून 'जरा लघवीला जाऊन येतो' म्हणत दादाला बाजूला घेतात. खरी सभा त्या अंधारातच होते. तेव्हा टॉर्च आणि दवाखान्याची चिठ्ठी खिशात हवी.

शाळा-कॉलेजात हे सांगितलं तर पोरं बिघडणार नाहीत का?

नाही. युनेस्कोने जगभरच्या अभ्यासांचा आढावा घेऊन २०१८ साली पुन्हा हेच मांडलं: नीट लैंगिक शिक्षण दिल्याने मुलं लवकर संबंध ठेवायला लागत नाहीत, उलट धोका टाळायला शिकतात.

तरी भीती जात नाही. २००७ साली महाराष्ट्रात शाळांमधल्या लैंगिक शिक्षणावरून मोठा गदारोळ झाला आणि तो अभ्यासक्रम बंद पडला. तेव्हा शाळेत असलेली मुलं आज आई-बाप आहेत, आणि तेच आम्हाला विचारतात की मुलांना काय सांगू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, एचआयव्हीची पुरेशी माहिती देशात फक्त २१.६ टक्के स्त्रियांना आणि ३०.७ टक्के पुरुषांना होती. पुरेशी म्हणजे काय, तर कंडोम आणि एकनिष्ठ जोडीदार यांनी धोका घटतो, धडधाकट दिसणाऱ्यालाही एचआयव्ही असू शकतो, आणि डास चावून किंवा एका ताटात जेवून तो होत नाही. एवढंच.

वर्गात प्रश्नपेटी ठेवा. बुटाच्या खोक्याला भोक पाडलं तरी चालतं. प्रत्येकाला कागद द्या आणि प्रश्न नसेल त्याने एखादी म्हण लिहून टाकायची असं सांगा, म्हणजे कोण लिहितंय ते कळत नाही. आठ-आठ घड्या घातलेले ते कागद उघडताना कळतं की पोरांना मोबाईलवर सगळं दिसतं, पण विचारायला माणूस नसतो. हस्तमैथुनाने अशक्तपणा येतो का, पाळीत लोणच्याला शिवलं तर काय होतं, मित्राने जबरदस्ती केली ते कोणाला सांगू. हा शेवटचा प्रश्न आला तर तो कागद वर्गात वाचू नका. सगळ्यांसमोर फक्त 'कार्यक्रम संपल्यावर मी इथेच थांबणार आहे' असं सांगा, आणि खरंच थांबा. १८ वर्षांखालच्या मुलावर अत्याचार झाल्याचं कळलं तर पॉक्सो कायद्याने ते कळवणं बंधनकारक आहे. मुलाला खोटं गुप्ततेचं वचन देऊ नका.

गडचिरोलीत राणीताई बंग तरुणांसाठी 'तारुण्यभान' शिबिरं घेत आल्या आहेत. मुलं-मुली एकत्र बसतात, शरीरापासून नात्यांपर्यंत सगळं बोलतात. कॉलेजांनी तो नमुना जरूर पाहावा. शिवाय कॉलेजात रेड रिबन क्लब, म्हणजे एचआयव्हीविषयी जागृती करणारा मुलांचा गट असेल तर तो फक्त १ डिसेंबरच्या रॅलीपुरता ठेवू नका.

कंडोमचं प्रात्यक्षिक सगळ्यांसमोर दाखवायचं? लोक उठून जातील.

दोन-चार जण उठतात. बाकीचे मान वाकडी करून बघतात. लाकडी मॉडेल नसेल तर दोन बोटं वापरा. केळं नको, सगळी सभा हसण्यात जाते.

तारीख बघा. पाकीट दाबून हवा आहे का पाहा. दातांनी फाडू नका. टोकाची हवा चिमटीत धरून घालवा, मग खाली उलगडा. तेल, व्हॅसलीन लावू नका, रबर विरतं. झाल्यावर लगेच कडा धरून काढा, गाठ मारा, कागदात गुंडाळून कचऱ्यात टाका. पैशाच्या पाकिटात किंवा गाडीच्या डिकीत महिनोन्‌महिने ठेवलेला वापरू नका. हे सगळं पाच मिनिटांत होतं. मग एकाला पुढे बोलावून तेच करायला लावा. ऐकून हो म्हणणाऱ्याचे हात इथे अडखळतात, म्हणून हा भाग गाळू नका.

भाषण झालं. पुढे लोकांनी जायचं कुठे?

याचं उत्तर हातात नसेल तर कार्यक्रम पुढे ढकला. आजाराची भीती घालायची आणि दार दाखवायचं नाही, हा लोकांवर अन्याय आहे.

जिल्हा रुग्णालय, वैद्यकीय महाविद्यालय, अनेक उपजिल्हा रुग्णालयं इथे सुरक्षा क्लिनिक असतं. तिथे तपासणी, समुपदेशन आणि औषधं मोफत आहेत. लक्षणांवरून उपचारासाठी राष्ट्रीय कार्यक्रमाने वेगवेगळ्या रंगांची औषधांची पाकिटं तयार केली: स्राव, जखम, पुरळ, ओटीपोटातलं दुखणं, जांघेतली गाठ, प्रत्येकाचा रंग वेगळा. रिपोर्टसाठी चार दिवस न थांबता त्याच दिवशी उपचार सुरू व्हावा हा हेतू. एचआयव्ही आणि सिफिलिसची तपासणी आयसीटीसीत, म्हणजे सरकारी समुपदेशन आणि तपासणी केंद्रात होते. दहा ते एकोणीस वयाच्या मुलामुलींसाठी मैत्री क्लिनिक आहे.

गरोदर बाईची सिफिलिस तपासणी पहिल्याच भेटीत व्हायला हवी. वेळेत पेनिसिलिनचं इंजेक्शन दिलं तर बाळ वाचतं.

आणि जोडीदार. एकाने गोळ्या खाल्ल्या, दुसऱ्याने नाही, तर महिन्याभरात पुन्हा तेच. मुंबई-पुण्याला कामाला असलेल्या नवऱ्याचं हे फार होतं. तो सणाला घरी येतो, बायकोचा उपचार वाया जातो. म्हणून गणपती, दिवाळी आणि गावची जत्रा यांच्या आसपास कार्यक्रम ठेवा, दोघंही गावात असतात.

मेडिकलमधून गोळी घेतली तर?

लक्षण दबतं, आजार राहतो. परम्याचे जंतू जुन्या अनेक अँटिबायोटिकना जुमानत नाहीत. एके काळी सर्रास चालणारी सिप्रोफ्लॉक्सासिन आता त्यावर भरवशाची राहिलेली नाही. गरमीची पहिली जखम तर औषध न घेताही आपोआप भरते, माणूस खूश होतो आणि जंतू वर्षानुवर्षं आत राहून मेंदू, हृदयापर्यंत जातात. बसस्टँडच्या भिंतीवर 'गुप्तरोगावर खात्रीशीर इलाज' लिहिलेल्यांकडे जाऊ नका.

एचआयव्हीची भीती घातली तर लोक सुधारतील ना?

कवटी आणि हाडांची पोस्टरं आपण अनेक वर्षं लावली. त्यातून लोक तपासणीला यायचे थांबले आणि विधवा सुनांना घराबाहेर काढलं गेलं. भीती घालू नका, खरी माहिती द्या. एचआयव्हीवरच्या एआरटीच्या गोळ्या मोफत मिळतात, आणि त्या नियमित घेऊन रक्तातला विषाणू मोजता येणार नाही इतका कमी राहिला तर संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. कंडोम फाटला किंवा जबरदस्ती झाली, तर ७२ तासांच्या आत दवाखान्यात पोहोचून लागण टाळण्यासाठी २८ दिवसांच्या गोळ्या सुरू करता येतात. जितकं लवकर तितकं चांगलं. धोक्याच्या संबंधानंतर लगेच केलेली तपासणी निगेटिव्ह आली तरी तीन महिन्यांनी पुन्हा करावी.

गावात नाव फुटलं तर?

ही भीती खोटी नाही, आणि एकदा फुटलं की त्या गावात तुमचं काम संपलं. नावांची वही उघड्यावर ठेवू नका. फोटो काढताना समोरच्यांचे चेहरे घेऊ नका, व्हॉट्सॲप ग्रुपवर तर मुळीच टाकू नका. 'कोणाकोणाला त्रास आहे, हात वर करा' असं कधीही म्हणू नका. चिठ्ठी सगळ्यांना द्या, म्हणजे ती घेणारा वेगळा पडत नाही.

कायदाही तुमच्या बाजूने आहे. एचआयव्ही-एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा २०१७ हा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. संमतीशिवाय तपासणी करता येत नाही, कोणाची स्थिती उघड करता येत नाही, नोकरी, शाळा किंवा उपचार नाकारता येत नाहीत.

वेश्यावस्ती उठवली तर आजार कमी होतील, असं ग्रामसभेत म्हणतात.

गोव्यात हे करून झालं आहे. वास्कोतल्या बायणा किनाऱ्यावरची वस्ती जून २००४ मध्ये पाडली. बायका नाहीशा झाल्या नाहीत, भर पावसाळ्यात लॉजवर, भाड्याच्या खोल्यांत, रस्त्यांवर विखुरल्या. त्यांच्यापर्यंत रोज पोहोचणाऱ्या आरोग्य कार्यकर्त्यांना त्या सापडेनाशा झाल्या. जी बाई काल दवाखान्यात येत होती ती आज कुठे आहे हेच माहीत नसेल, तर गाव सुरक्षित कसं होणार?

तृतीयपंथी आणि समलिंगी व्यक्तींसाठी वेगळा कार्यक्रम हवा का?

वेगळी बैठक हवी, कारण सगळ्यांसमोर ते बोलणार नाहीत. मुंबईत हमसफर ट्रस्ट ही संस्था १९९४ पासून हे काम करते. तुमच्या नेहमीच्या कार्यक्रमातही 'नवरा-बायको' याऐवजी 'जोडीदार' म्हणा आणि गुदमैथुनात धोका जास्त असतो हे न लाजता सांगा. गावातही हे लोक आहेत, बऱ्याचदा लग्न झालेले.

लस कोणती घ्यावी?

हिपॅटायटिस बीची लस बाळाला जन्मल्यावर २४ तासांत द्यायची असते. एचपीव्हीची लस ९ ते १४ वयात सगळ्यात चांगलं काम करते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने देशी लसही बनवली आहे. ती घेतली तरी मोठेपणी गर्भाशयमुखाची तपासणी करावीच लागते.

कार्यक्रमाचा उपयोग झाला हे ओळखायचं कसं?

हजेरीवरून नाही. चहा-बिस्किटाला दोनशे माणसं येतात. पुढच्या दोन महिन्यांत तुमची चिठ्ठी घेऊन किती जण सुरक्षा क्लिनिकला गेले, जोडीदाराला घेऊन किती आले, उपकेंद्रातली कंडोमची पेटी किती वेळा भरावी लागली, हे विचारा. नावं नको, फक्त आकडे. आणि बचत गटाच्या बैठकीत कोणी आपणहून प्रश्न विचारला का, ते काकूंना विचारा.

सुरुवात कुठून करू?

आधी आशाताई आणि प्राथमिक आरोग्य केंद्राचे डॉक्टर यांना भेटा. सुरक्षा क्लिनिकचा वार, वेळ आणि समुपदेशकाचं नाव लिहून घ्या. औषधांचा साठा आहे का ते विचारा, संपलेला असेल तर येईपर्यंत थांबा. पहिली बैठक बायकांची ठेवा, तीस जणींच्या वर नको, दुपारी दोननंतर. पुरुषांची त्याच आठवड्यात. राष्ट्रीय हेल्पलाइनचा १०९७ हा नंबर मोफत आहे, तो चिठ्ठीच्या मागे छापा. चिठ्ठी छोटी करा, ब्लाउजच्या किंवा शर्टाच्या खिशात घडी न घालता मावेल एवढी, आणि वरच्या बाजूला आजाराचं नाव लिहू नका.